ठाणे-नवी मुंबईत दारू सोडण्यासाठी मदतगट : कसा शोधावा, आणि तिथे नेमके काय होते?

खाडीपलीकडे

नमस्कार. मी ऐरोलीत राहतो आणि महाप्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे. दारू सोडण्यासाठी चालणाऱ्या मदतगटांविषयी मला प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांकडून माहिती हवी आहे, आणि ती माझ्यासाठीच हवी आहे, ‘एका मित्रासाठी’ नव्हे.

थोडी पार्श्वभूमी देतो. दरवर्षी मी श्रावण कडक पाळतो, गणपतीचे विसर्जन होईपर्यंत थेंबालाही शिवत नाही, आणि ज्याला एवढे दिवस राहता येते त्याला व्यसनी कसे म्हणायचे, हा माझा घरच्यांपुढचा ठरलेला युक्तिवाद असतो. यंदा मात्र श्रावण लागताच हातांना एवढा कंप सुटला की हजेरीपटावर सही करता येईना, आणि दोन दिवसांत पुन्हा सुरुवात झाली. कंपनीच्या डॉक्टरांनी रक्ततपासणी करून यकृताचे आकडे वाढल्याचे सांगितले आणि ‘ए.ए.च्या मीटिंगला जाऊन पाहा’ असे सुचवले. पण त्या मीटिंगा कुठे भरतात, हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

माझ्या शंका अशा आहेत. या सभांची यादी कुठे मिळते? तिथे नाव-पत्ता द्यावा लागतो का? मी देवधर्म फारसा मानत नाही, तर त्याची अडचण येईल का? माझी पाळी आठवड्यागणिक बदलते, मग नियमित जाणे कसे जमवावे? आणि सर्वांत मोठी धास्ती म्हणजे आमच्या सेक्टरमधील कुणी पाहिले, तर चार लोकांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

तलावपाळी

आपण स्वतःसाठी विचारले आहे, म्हणून उत्तरही आडवळणाने देत नाही. मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजेच ए.ए.चा सदस्य आहे, ठाण्यात राहतो आणि बऱ्याच वर्षांपासून दारूशिवाय जगतो आहे. इथे लिहितो ते केवळ एक सदस्य म्हणून. संघटनेच्या वतीने बोलण्याचा अधिकार आमच्यात कुणालाच नसतो.

यादीचे काम सोपे आहे. ए.ए.च्या भारतातील संकेतस्थळावर शहरानुसार गटांची माहिती असते. त्यात सभेचा वार, वेळ, भाषा आणि सभा खुली आहे की बंद, हे पाहून घ्यावे. खुल्या सभेला घरचे माणूस किंवा नुसती माहिती हवी असलेले कुणीही येऊ शकते. बंद सभा मात्र ज्यांना स्वतःला पिण्याची अडचण आहे त्यांच्यासाठीच असते. जाण्यापूर्वी दिलेल्या क्रमांकावर फोन अवश्य करावा. आमच्या बहुतेक सभा शाळांच्या किंवा चर्चच्या खोल्यांत भरतात, आणि शाळेच्या परीक्षा आल्या किंवा वर्गात मतदान केंद्र लागले की खोली बदलते, ती बातमी संकेतस्थळावर उशिरा पोहोचते. फोन उचलणारा माणूस पगारी कर्मचारी नसतो, आमच्यापैकीच एक असतो, त्यामुळे त्याच्याशी बोलताना प्रस्तावना करण्याची गरज पडत नाही.

नाव-पत्त्याविषयी सांगायचे तर नोंदवही नाही, अर्ज नाही, शुल्क नाही. सदस्य होण्यासाठी दारू थांबवण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. आपण पहिले नाव सांगितले तरी चालते, आणि तेही सांगावेसे वाटले नाही तर कुणी विचारत नाही. शेवटी एक पाकीट फिरते. त्यातून खोलीचे भाडे आणि चहाचा खर्च निघतो. ए.ए. बाहेरच्या कुणाकडून देणगी घेत नाही, सरकारकडूनही नाही. नवीन माणसाने पाकिटात काही टाकावे अशी अपेक्षा नसते.

देवाचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक यांच्या भेटीतून उभी राहिली. दोघेही पिणारे होते, आणि दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलत राहिले की आपले पिणे थांबते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या काळातील ख्रिस्ती वळणाची भाषा बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे ए.ए.च्या मूळ कार्यक्रमात, उतरलेली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि ‘आपल्याला जसा उमगेल तसा’ ईश्वर, अशी मुभा त्याच पायऱ्यांमध्ये दिलेली आहे. भारतात ए.ए. १९५७ साली आली, आणि आज आमच्या गटात माळकरी आहेत, नमाजी आहेत, तसेच काहीच न मानणारेही आहेत. काही जण गटालाच आपल्याहून मोठी शक्ती समजतात आणि त्यांचे त्यात काही अडत नाही.

ओळखीची धास्ती असेल तर खाडी ओलांडावी. ट्रान्स-हार्बर मार्गावर ऐरोलीनंतर दिघा गाव सोडले की ठाणे येते. नवी मुंबईतील पुष्कळ जण ठाण्याच्या सभेला येतात आणि ठाण्यातील काही जण वाशीकडे जातात, त्याचे कारण हेच आहे. बदलत्या पाळीसाठी एकाच गटाला चिकटून राहू नये. वेगवेगळ्या गटांचे वार वेगवेगळे असतात, रविवारी सकाळीही सभा भरतात आणि ऑनलाइन सभाही आहेत. मात्र सुरुवातीला खोलीत प्रत्यक्ष जाऊन बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑनलाइन सभेत कॅमेरा बंद करून पेला समोर ठेवता येतो, आणि तसे करणारे मी पाहिले आहेत.

ओपीडी_वाशी

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. वरील माहिती उत्तम आहे, परंतु धागाकर्त्यांच्या लिखाणातील एका वाक्याकडे मला सर्वांचे लक्ष वेधायचे आहे, आणि ते म्हणजे हातांना कंप सुटल्याचे.

रोज आणि भरपूर पिणाऱ्या माणसाने एका रात्रीत दारू बंद करणे धोक्याचे असू शकते. दारू मेंदूला शांत करते, आणि ती रोज मिळू लागली की मेंदू तोल राखण्यासाठी स्वतःला अधिक उत्तेजित ठेवू लागतो. मग दारू अचानक काढून घेतली की ती सारी उत्तेजना मोकळी सुटते. पहिल्या ६ ते २४ तासांत कंप, घाम, मळमळ, झोप उडणे हे दिसते. पहिल्या दोन दिवसांत काहींना आकडी येते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास थोड्या जणांना भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. या शेवटच्या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास त्यात माणूस दगावतो. आपल्याकडे अशा वेळी ‘बाहेरचे काहीतरी लागले’ म्हणून अंगारा लावण्यात मोलाचे तास जातात.

म्हणून धागाकर्त्यांनी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधे काही दिवस देऊन ती क्रमाने कमी केली जातात आणि सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, दिले जाते, कारण दीर्घकाळ पिणाऱ्यांत त्याची कमतरता असते आणि त्यातून स्मृतीवर कायमचा परिणाम होऊ शकतो. अनेकांना हे घरी राहूनही करता येते; पूर्वी आकडी किंवा भ्रम झालेला असेल, तर मात्र दाखल व्हावे. खासगी उपचार परवडत नसतील तर ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १९०१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाच्या नावाचीच लोकांना भीती वाटते, पण बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून तपासून घेणे म्हणजे भरती होणे नव्हे. फोनवर विचारायचे असेल तर व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क मदतवाहिनी आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही टेलिमानस सेवा आहे.

श्रावणाच्या युक्तिवादाविषयी एवढेच म्हणेन की किती दिवस न पिता राहता आले यापेक्षा पहिला पेला घेतल्यावर हात आखडता घेता येतो का, हे आम्ही अधिक पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी उपलब्ध आहे. ४० पैकी ८ किंवा त्याहून अधिक गुण आले तर पिणे धोक्याच्या पातळीवर आहे असे धरतात आणि २० किंवा त्याहून अधिक आले तर अवलंबित्वाची तपासणी करून घ्यावी लागते.

घरच्यांसाठी एक सूचना. डायसल्फिराम या दारू सोडवण्यासाठीच्या गोळीवर दारू प्यायल्यास चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ही गोळी रुग्णाला न सांगता भाजीत किंवा चहात घालण्याचा सल्ला शेजारीपाजारी सर्रास देतात. तो जिवावर बेतू शकतो. हे औषध रुग्णाच्या पूर्ण माहितीने आणि संमतीनेच द्यायचे असते.

प्रमेय

माझा प्रश्न थोडा कडू वाटेल. ए.ए.मुळे सुटलेले लोकच ए.ए.ची स्तुती करतात. ज्यांची सुटली नाही ते सभेत दिसतच नाहीत. मग या पद्धतीचा खरोखर उपयोग होतो, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

ओपीडी_वाशी

प्रश्न रास्त आहे आणि संशोधकांनाही तो अनेक वर्षे सतावत होता. २०२० साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रन या संस्थेने २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला, ज्यांत मिळून १०,५६५ व्यक्ती होत्या. बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाशी रुग्णाला पद्धतशीरपणे जोडून दिले, तर वर्षभरानंतर पूर्णपणे दारूमुक्त असलेल्यांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते आणि बोधात्मक वर्तन उपचारांसारख्या (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या) इतर पद्धतींमध्ये ते ३५ टक्के होते. आपण म्हणता तो ‘टिकलेलेच दिसतात’ हा दोष टाळण्यासाठी यातील अनेक अभ्यासांत कोण कोणत्या उपचाराकडे जाणार हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवलेले होते. अर्थात बहुतेक अभ्यास अमेरिकेतील आहेत, आणि ४२ टक्के म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांना वर्षभर पूर्ण संयम साधला नाही, हेही त्याच आकड्यात आहे. त्यामुळे मी कुणालाही ‘फक्त गट’ किंवा ‘फक्त गोळी’ असे सांगत नाही. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी ओढ कमी करणारी औषधे सभांसोबत घेता येतात. एखादा जुना सदस्य ‘गोळ्या घेणारा खरा सोबर नव्हे’ असे म्हणाला तर त्याकडे दुर्लक्ष करावे. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये, असे ए.ए.चीच पुस्तिका बजावते.

आपल्या देशापुरते बोलायचे तर अडचण निराळीच आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार सुमारे ५.७ कोटी लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज होती, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणता तरी उपचार मिळाला होता. कोणती पद्धत सरस, हा वाद त्या एका माणसापुरता आहे. उरलेले ३७ जण दारापर्यंतच आलेले नाहीत.

प्रमेय

आकड्यांबद्दल आभारी आहे. ज्यांना पायऱ्यांची भाषा अजिबात पचत नाही, त्यांच्यासाठी ‘स्मार्ट रिकव्हरी’ नावाचा ईश्वराचा उल्लेख नसलेला पर्यायही आहे. १९९४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या सभा ऑनलाइन असतात. भाषा इंग्रजी असते, ही मात्र अडचण आहे.

खारघरची_सून

मी पिणाऱ्याची पत्नी आहे. या चर्चेत घरच्यांचा उल्लेख आतापर्यंत केवळ भाजीत गोळी घालणारे म्हणून आला आहे, म्हणून लिहिते.

अल-ॲनॉन ही कुटुंबीयांसाठीची स्वतंत्र संघटना आहे. १९५१ साली ए.ए.च्या एका संस्थापकाच्या पत्नीने, लोईस यांनी, आपल्यासारख्याच स्त्रियांना एकत्र आणून ती सुरू केली. घरातील माणूस पीत असो वा नसो, तो सभेला जात असो वा नसो, आपण जाऊ शकतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ‘यांची दारू कशी सोडवावी’ याची युक्ती मिळेल, अशी माझी अपेक्षा होती. तिथे तसले काहीही मिळाले नाही आणि मी चिडून परत आले. पुढे जे मिळाले ते वेगळे होते. सकाळी यांना उठता आले नाही की यांच्या साहेबांना मीच फोन करून ‘ताप आहे’ सांगत असे. सासूबाईंना ‘ॲसिडिटी झाली आहे’ असे सांगत असे. परमिट रूमची उधारी घरखर्चातून भागवत असे. तिथल्या बायकांचे ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले की यांच्या पिण्याची झळ यांना लागू नये याची सगळी व्यवस्था मीच लावून देत होते. एका सोमवारी मी साहेबांना फोन केला नाही. त्या दिवशी घरात बरेच वादंग झाले, ते इथे लिहीत नाही. पण सुट्टी का घेतली हे त्यांचे त्यांना सांगावे लागले.

धागाकर्त्यांनी आपल्या पत्नीला या सभेविषयी जरूर सांगावे, मात्र ‘तू पण जा’ असा आदेश देऊ नये. तेरा-चौदा वर्षांची मुले असतील तर त्यांच्यासाठी अलाटीन नावाचे गट असतात. जवळपास चालू गट आहे का, ते अल-ॲनॉनच्या सभेतच विचारावे.

कळवा_नाका

निवासी केंद्रांविषयी एक सावधगिरीची सूचना, कारण मदतगट शोधताना इंटरनेटवर पहिल्या झटक्यात त्यांच्याच जाहिराती समोर येतात.

माझ्या धाकट्या भावाला आम्ही अशाच एका केंद्रात ठेवले होते. नाव लिहीत नाही. रात्री गाडी घेऊन चार माणसे आली आणि त्याला झोपेतून उचलून घेऊन गेली. आगाऊ पैसे भरून घेतले, फोनवर बोलू दिले नाही, आणि भेटीच्या दिवशी एक माणूस सतत शेजारी उभा होता. तिथे डॉक्टर रोज येतात असे सांगितले होते. भाऊ म्हणतो की त्याला पूर्ण मुक्कामात एकदाही डॉक्टर दिसले नाहीत. परत आल्यावर तो पिण्याबद्दल नव्हे, तर आमच्याबद्दल सूड धरून होता.

नंतर वकिलांकडून कळले ते असे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या वापराशी निगडित विकारही मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले आहेत. अशा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते. स्वतःच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचे झाल्यास रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा (उपचारांच्या निर्णयात त्याला साथ देणाऱ्या व्यक्तीचा) अर्ज आणि तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आवश्यक असते, त्याला ३० दिवसांची मर्यादा असते, आणि रुग्णाला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते. म्हणजे ‘पैसे भरा, आम्ही उचलून नेतो’ ही सेवा कायद्यात कुठेही बसत नाही. केंद्र आतून पाहू देत नसतील, नोंदणीचा क्रमांक विचारल्यावर टोलवाटोलवी करत असतील, तर तिथून निघून यावे.

सर्वच केंद्रे अशी आहेत असे माझे म्हणणे नाही. पुण्याचे मुक्तांगण डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केले, आणि तिथून आलेल्या माझ्या परिचयातील दोघांनी वेगळाच अनुभव सांगितला. बाहेर पडल्यानंतरचा पाठपुरावा हा तिथे उपचाराचाच भाग समजतात. ठाण्यातही मानसिक आरोग्यासाठी आय.पी.एच. ही संस्था १९९० पासून काम करते आहे. समुपदेशनासाठी तिथे विचारणा करता येईल.

व्यवस्थापन

चर्चा उपयुक्त चालली आहे. कृपया कुणीही सभेतील व्यक्तींची नावे, वैयक्तिक दूरध्वनी क्रमांक किंवा ओळख पटेल असे वर्णन लिहू नये.

खाडीपलीकडे

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात काय झाले ते सांगतो.

मनोविकारतज्ज्ञांना भेटलो. दाखल व्हावे लागले नाही. कंपनीतून रजा घेऊन घरीच औषधे घेतली. पत्नीने वेळेचा तक्ता फ्रिजवर लावला होता. पहिल्या तीन रात्री वाईट गेल्या, त्यानंतर अन्न गोड लागू लागले. हात थांबल्यावर ठाण्याच्या एका सभेला गेलो.

सभा शाळेच्या तळमजल्यावरील एका वर्गात होती. बाके लहान मुलांची, त्यामुळे गुडघे कुठे ठेवावेत हा पहिला प्रश्न पडला. फळ्यावर दिवसभराची पटसंख्या आणि हजेरी तशीच होती, आणि तिच्याखाली खिळ्याला बारा पायऱ्यांचे मराठी कापडी फलक अडकवले होते. दाराजवळच्या टेबलावर पुस्तके, पत्रके आणि बिस्किटांचा पुडा. सूत्रसंचालक म्हणून बसलेल्या गृहस्थांनी सुरुवातीला एक निवेदन वाचले आणि मग एकेक जण आपले नाव सांगून बोलू लागला. खाकी सदऱ्यातील एक रिक्षाचालक, बँकेतून निवृत्त झालेले एक जण, माझ्या मुलाच्या वयाचा एक तरुण. कुणी बोलत असताना इतर कुणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, ‘असे करायला नको होते’ म्हणत नाही. आमच्या घरी आणि कारखान्यात या विषयावर असे आजवर कधीच झाले नव्हते, त्यामुळे मला प्रथम ती शांतता अवघड वाटली.

रिक्षाचालकांनी आपण क्वार्टर कुठे लपवत असू ते सांगितले: स्कूटरच्या डिकीत, पावसाळी कोटाच्या बाहीत गुंडाळून, म्हणजे कोट झटकला तरी काच वाजत नाही. मीही नेमके हेच करत असे, आणि ही क्लृप्ती जगात मला एकट्यालाच सुचली असावी असा माझा समज होता. मी त्या दिवशी फक्त पहिले नाव सांगितले आणि बसलो.

न आवडलेलेही लिहितो. एक गृहस्थ आपल्या पिण्याच्या दिवसांचे पराक्रम इतके रंगवून सांगत राहिले की ती तक्रार आहे की आठवण, हे कळेना. शेवटची प्रार्थना सर्वांनी उभे राहून म्हटली, तेव्हा मला संकोच वाटला. मी नुसता उभा राहिलो आणि कुणी वळूनही पाहिले नाही. नंतर नवी मुंबईतील एका हिंदी सभेलाही जाऊन आलो. ती अधिक शिस्तीची होती, पण मला ठाण्याचाच वर्ग मानवला.

ओळखीच्या धास्तीचे म्हणाल तर शाळेच्या फाटकापाशीच पत्नीचे एक नातेवाईक भेटले. ‘इकडे कुठे?’ या प्रश्नाला मी ‘मीटिंगला’ असे खरे उत्तर दिले, त्यावर त्यांनी मान हलवून ‘रिडेव्हलपमेंट ना? सही करण्याआधी करारनामा नीट वाचा,’ असा सल्ला दिला आणि ते निघून गेले. ठाण्यात मीटिंग म्हटले की लोकांच्या डोक्यात दुसरे काही येत नाही, ही आमच्यासारख्यांची सोयच म्हणायची.

आता पुढचा पेच असा आहे की मार्गशीर्षात मेहुण्याच्या घरी लग्न आहे. तिथे काय करावे?

तलावपाळी

आपण दोन गट पाहिलेत हे फार चांगले केलेत. प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो, आणि पहिल्याच सभेवरून ए.ए.विषयी मत बनवून कायमचे परत फिरलेले लोक मला माहीत आहेत. पराक्रम सांगणारे गृहस्थ प्रत्येक गटात एखादे तरी असतात. त्यांच्या वेळेत चहा पाहून यावा.

आता एखादा स्पॉन्सर शोधावा. स्पॉन्सर म्हणजे आपल्याआधी या वाटेने गेलेला सदस्य, ज्याला रात्री ओढ लागली तर फोन करता येतो. ज्याचे बोलणे आपल्याला पटते आणि जो स्वतः नियमित येतो, त्याला सरळ विचारावे. तो नाही म्हणाला तर दुसऱ्याला विचारावे, त्यात मानापमान नसतो. आणि मध्येच घसरलात, तर पुढच्या सभेला न चुकता या. घसरल्यानंतर लाजेने येणे थांबवणारा माणूस आम्हाला घसरून परत आलेल्या माणसापेक्षा जास्त काळजीत टाकतो.

लग्नाबद्दल इथे आणखी कुणी लिहावे. आमच्याकडची लग्ने जेवणावळीपुरतीच असतात.

कोपरखैरणे_पाडा

लग्नाबद्दल मी लिहितो, कारण मी आगरी आहे आणि आमच्या हळदीची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. हळदीच्या रात्री मांडवामागे खोकी उतरतात, आणि यजमान स्वतःच्या हाताने ओतून देतो तेव्हा नको म्हणणे म्हणजे त्याच्या घराचा अपमान समजला जातो. मी सोडली तेव्हा सभेत मला पुष्कळ धीर मिळाला, पण मांडवात सभेचा कुणी माणूस नव्हता.

आमच्या आजोबांच्या पिढीत यावर एक रीत होती. पंढरपूरला जाऊन तुळशीची माळ घातली की गाव त्या माणसाला आग्रह करणे सोडून देत असे. त्याची इच्छाशक्ती किती, हा प्रश्नच कुणी विचारत नसे. गळ्यात माळ दिसली की ओतणारा हात आपोआप पुढच्या माणसाकडे वळत असे. ए.ए.मध्ये अनामिकता आहे, आणि ती हवीच, पण तिच्यामुळे मांडवातील माणसाला दाखवण्यासारखी खूण आपल्यापाशी राहत नाही. माळ घालावी असे मी सुचवत नाही, मी स्वतःही घातलेली नाही; नुसते पथ्य म्हणून घालणे माळकऱ्यांवर अन्याय होईल. पण ओतणाऱ्याला पटेल असे, एका वाक्यात संपणारे कारण आधीच ठरवून जावे लागते. मी ‘यकृताची औषधे चालू आहेत, डॉक्टरांनी बंदी घातली आहे’ एवढेच सांगतो. ते खरेही आहे. ‘सोडली’ असे म्हटले की चर्चा सुरू होते, ‘आजच्या दिवस घे’ होते. ‘औषध चालू आहे’ म्हटले की कुणाला जबाबदारी नको असते.

याखेरीज मी हळदीला संध्याकाळीच जातो, हळद लावतो, आहेर देतो, जेवतो आणि खोकी उघडायच्या आत निघतो. घरातील एका वडीलधाऱ्या माणसाला खरे कारण सांगून ठेवले आहे. काकांना माहीत असल्यामुळे ‘हा लवकर का गेला’ याचे उत्तर तेच देतात. आणि गटारीला मी गावात थांबतच नाही; त्या संध्याकाळी ठाण्याच्या सभेला जातो. तिथे त्या दिवशी बसायला जागा मिळत नाही.

खाडीपलीकडे

काकांचा मुद्दा फार उपयोगाचा आहे. आमच्याकडे सासरे आहेत. त्यांच्याशी या रविवारी बोलतो.

निनावी_नेरूळ

इतके दिवस नुसते वाचत होते. मी स्त्री आहे, पिणारी मीच आहे, आणि घरी कुणालाही माहीत नाही. वर वर्णन केलेल्या वर्गात मी एकटी बाई असेन का?

ओपीडी_वाशी

संकोच स्वाभाविक आहे. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांचे १.६ टक्के होते, त्यामुळे खोलीत पुरुष अधिक असणार, हे मान्य करूनच जावे लागते. दारूचे प्रमाण सारखे असले तरी स्त्रियांच्या यकृतावर परिणाम लवकर होतो, म्हणून तपासणी लांबणीवर टाकू नये. रोज पीत असाल तर एकदम बंद न करण्याची वरची सूचना आपल्यालाही लागू आहे. घरी न सांगता उपचार सुरू करता येतात. डॉक्टरांवर गोपनीयतेचे बंधन असते. दाखल होण्याची वेळ आली तर मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे.

तलावपाळी

ताई, काही सभांना एकही स्त्री नसते हे खरे आहे, म्हणून सभेला येण्याआधी यादीतील क्रमांकावर फोन करून ‘मला स्त्री सदस्याशी बोलायचे आहे’ एवढेच सांगा. फोन उचलणारा पुरुष असला तरी तो पुढे काही विचारणार नाही. आमच्याकडे नवीन बाईंशी स्त्री सदस्यांनीच बोलायचे, असा प्रघात आहे. त्या ज्या सभेला स्वतः जातात त्याच सभेला आपल्याला बोलावतील आणि वेळेआधी फाटकापाशी थांबतील. फक्त स्त्रियांच्या ऑनलाइन सभाही आहेत. घरी बोलणे शक्य नसेल तर नुसते ऐकले तरी चालते. आपण दुपारच्या वेळी फोन करत असाल तर तसे आधीच सांगा, म्हणजे घरी माणसे असताना उलटा फोन येणार नाही.